आठ सायकली, एक साखळी

छापखान्यात कागद कापणाऱ्या माणसाला सगळे साखळीमास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठ वळली की साखळी. मशीनवर त्याचा हात असा बसलेला की केसभरही कागद वाकडा कापला जायचा नाही; माणसांच्या बाबतीत मात्र गडी कच्चा. चौकशी करायला गेला तरी भांडायला आल्यासारखा वाटे. सव्वीस वर्षांत त्याला कोणी घरी बोलावलं नाही आणि त्याच्याही घराची पायरी कोणी चढलं नाही. "तुमचं तिथे आहे तरी कोण?" असं बायकोने विचारलं की तो फुशारकीने सांगे, "आठ जण आहोत आम्ही." हे आठ त्याने सायकलींवरून मोजले होते.

छापखान्यामागच्या मोकळ्या जागेला ना फाटक, ना राखणदार. एका वर्षात तिथून तीन सायकली गेल्या, त्यातली एक मास्तरची. दुधाने तोंड पोळलेला माणूस तो! भंगारवाल्याकडून त्याने बोटाएवढ्या जाड कड्यांची लांबलचक साखळी आणली, आठही सायकलींमधून ओवली आणि दोन्ही टोकं जोडून एकच भलंमोठं कुलूप घातलं. कुलपाची दुसरी किल्ली त्याने सगळ्यांसमोर हातोडीने ठेचली. "दोन किल्ल्या झाल्या की कुलपाला दोन मालक," असं म्हणाला. उरलेली किल्ली त्याच्या खिशात. कुलूप उघडणार ते संध्याकाळी सहाला, आठही जण हजर असताना. मध्येच कुणाला जायचं असेल तर देवाने पाय दिलेत.

एकदा भरदुपारी बाइंडरची सासू गेली. तो धावतपळत किल्ली मागायला आला, तर मशीन न थांबवता मास्तर म्हणाला, "गेली ना? मग आता घाई कसली?" बाइंडर बिचारा तासभर चालत गेला. पण पुढच्या अकरा वर्षांत तिथून सायकलची घंटीसुद्धा हलली नाही, म्हणून शिव्या देत का होईना, सगळे त्या साखळीत राहिले. सहा वाजता सात माणसं आपल्याभोवती उभी राहतात, आपल्या हाताकडे बघतात, एवढं एकच सुख मास्तरला दिवसभरात मिळायचं. आपल्यालाही माणसं आहेत असं त्याला तेव्हा वाटे.

एका सोमवारी मशीन सकाळपासून कुरकुरत होतं. दुरुस्तीवाला उद्या येणार होता आणि काम आजच हवं होतं. चारच्या सुमाराला पातं नको तेव्हा खाली आलं आणि मास्तरच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. मालकाने त्याला गाडीत घालून दवाखान्यात पोचवलं.

मास्तरला नीट शुद्ध आली तेव्हा बायको उशाशी होती. बोटांचं दुखणं एकीकडे आणि मनातली भीती एकीकडे: मशीनवरचं काम गेलं, आता आपल्याला कोण विचारणार? तेवढ्यात दारात पावलं वाजली. बघतो तर सातही जण! हात शाईचे, कपडे कामावरचेच, चालून चालून घामाघूम झालेले.

"अहो, बघा तरी," बायको म्हणाली. "सगळेच्या सगळे आलेत."

मास्तर रडला. लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. "बसा रे, बसा," म्हणत राहिला, आणि खोलीत खुर्ची एकच होती. कुणी डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं, कुणी पाणी दिलं. मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी बाइंडरनेच घसा साफ केला.

"मास्तर, ते... किल्ली तेवढी हवी होती."

बायकोने रक्ताळलेल्या कपड्यांच्या गाठोड्यातून किल्ली शोधली, पुसली आणि दिली. दोन मिनिटांत खोली रिकामी झाली.

"घरं लांब आहेत त्यांची," मास्तर छताकडे बघत म्हणाला. "चालत कसे जाणार?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाइंडर एकटाच आला. खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मास्तर, रागावू नका. सायकल गेली."

"कुणाची?"

"तुमची. काल आम्ही साखळी काढली, ज्याने त्याने आपापली घेतली. तुमची भिंतीला नीट टेकवून ठेवली होती. सकाळी बघतो तर नाही."

चोराचा मास्तरला राग आलाच नाही. चोर तर परका होता.

"आणि साखळी?" त्याने विचारलं.

"ती आहे ना!" बाइंडरचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. "ती कालच उचलून आत गोदामात नेऊन ठेवली. भारी वस्तू, बाहेर राहिली तर कोणी नेईल. वर कुलूपही घातलंय."

मास्तरने बँडेज बांधलेला हात पांघरुणाखाली घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. बाइंडर आणखी थोडा वेळ बसला, मग सहा वाजून गेलेत म्हणत उठला.