सोजराबाईच्या कमरेची चाबी

“चाबी दे, सोजरे.”

“नाई देत, आत्याबाई.”

“पोटच्या लेकाले उपाशी मरताना पाहू का मी?”

“सकायपासून सहा भाकरी झाल्या त्याह्यच्या. उपाशी कोण हाय?”

“मोजते! नवऱ्याच्या तोंडातला घास मोजते! कैदाशीण हायेस तू.”

मागच्या खोलीच्या दारावर आतून निवृत्तीचा खांदा आदळला. धाड! चौकटीची माती सासू-सुनेच्या अंगावर सांडली.

वडनेर भोलजीत सोजराबाईची ओळख एवढीच : नवऱ्याला उपाशी ठेवणारी. बाई हाडकुळी. खालचे दोन दात गेलेले, डावं मनगट वाकडं जुळलेलं. दात आणि मनगट, दोन्ही मोडले नवऱ्याच्याच हातानं. विहिरीवर बायका तिला ऐकू जाईल अशा बोलत, “भुकेल्या माणसाले भाकर नाई देत, तर थो का पाया पडन?” सोजरा दोर ओढता ओढता म्हणायची, “आठ दिवस तुह्या घरी धाडते त्याले. मंग बोलजो.”

दोन वर्षांपूर्वी, बासष्टच्या हंगामात, निवृत्ती जिनात कापसाच्या गाठी बांधत होता. ताणलेला लोखंडी पट्टा तुटला आणि सपकन त्याच्या कपाळात बसला. तीन आठवडे शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा पहिला शब्द निघाला, “माय, भाकर.” त्याच्या आईनं, रुखमाबाईनं, गावभर गूळ-फुटाणे वाटले. भाकर मागितली म्हणजे माणूस परत आला, असंच इथे धरतात. मग ती देत राहिली, तो मागत राहिला. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी “घ्या, घ्या” करत आले. पोट भरलं की जेवणारा पत्रावळीवर आडवा हात धरतो. निवृत्तीनं धरलाच नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या, “वाढा बे अजून!” त्याच संध्याकाळी तो बैलांच्या गव्हाणीत वाकून मुठीनं सरकी खात होता. थोरल्या भावानं, शेषरावानं, खांदा धरून ओढलं. निवृत्तीनं त्याचं डोकं गव्हाणीच्या दगडावर आपटलं. तीनदा. शेषराव जेमतेम वाचला.

सोजरा त्याला एस्टीनं बुलढाण्याला घेऊन गेली. नागपूरला शिकलेल्या तरुण डॉक्टरनं कपाळावरची खोक बोटानं चाचपली.

“भूक नुसती पोटात नसते, बाई. मेंदूच्या बुडाशी बोराएवढी जागा असते. पोट भरलं की तिथून ‘पुरे’ असा निरोप सुटतो. यांची तीच जागा जखमी झालीय. पोट फुटायला आलं तरी यांच्या डोक्यात दुष्काळ पडलेला असतो. आणि दुष्काळात कुणी घास अडवला तर?”

“जीव घेईन माणूस.”

“राग त्याच जागेच्या शेजाऱ्यासारखा. खालच्या ग्रंथीला इशारा जातो, तिचे रस रक्तात उतरतात आणि अंग लढाईला उभं राहतं. यात त्यांचा दोष नाही.”

“दोष कोनाचाबी असो, डागदर. मार मलेच बसते ना?”

डॉक्टरनं तिच्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं. “औषध नाही. कुलूप आहे. ठरल्या वेळी, मोजून द्या. सुटे सोडलेत तर वर्ष-दोन वर्षांत चरबीच हृदय बंद पाडेल.”

तेव्हापासून निवृत्ती मागच्या खोलीत, धान्य-भाकरी कुलपात आणि दोन्हींची चाबी सोजराच्या कमरेला.

धाड! या खेपेला बिजागरीच निखळली. दार आडवं झालं आणि त्यावरून निवृत्ती बाहेर आला. गळ्यापर्यंत सुजलेला, घामानं निथळत.

“ये रे माह्या राजा,” म्हणत रुखमाबाईनं पदरातली पुरचुंडी सोडली. तिळाचे पाच लाडू.

सोजरानं लाडवांकडे बोट केलं. “तुमी? रोज खिडकीतून देता?”

“माय हाय मी त्याची!”

“म्हून थो रोज दार फोडते! तुमच्या वासानं!”

लाडू संपले. “आणिक,” निवृत्ती म्हणाला.

“सरले, बापा.”

“आणिक!”

त्यानं आईची मूठ उघडली. रिकामी. तरी बोटं उलटी पिरगाळली. एक बोट काडीसारखं मोडलं. रुखमाबाई किंचाळली, तसा त्यानं तिचा अंबाडा धरून डोकं खांबावर आपटलं. सोजरा पाटा-वरवंट्याकडे धावली, वरवंटा उचलला, आणि खाली टाकून दिला. मग दोघांच्या मधे घुसली. पहिली लाथ तिच्या बरगडीत बसली. दुसरी पोटात. ती हटली नाही. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, हळू, ढोराला चुचकारावं तशी, “दिवस कलला की भाकर. मी देते. दिवस कलला की.”

तो ढासळला. “सोजरे, मले मारून टाक,” तो हुंदके देत म्हणाला, “पण अगोदर भाकर दे.”

सोजरानं लुगड्याचा काठ फाडून सासूचं बोट बांधलं. मग कमरेची चाबी काढून तिच्या पुढ्यात ठेवली.

“घ्या. आता बोला, आत्याबाई. ही तुमी ठेवता का मी?”

रुखमाबाईनं लेकाकडे पाहिलं. तो जमिनीवरचे तीळ ओल्या बोटानं टिपत होता. काही तिळांना तिचंच रक्त लागलेलं होतं. तिनं पदर कपाळावर दाबला, भिंतीला धरून उठली आणि चाबीला हात न लावता उंबरा ओलांडून निघून गेली.