जहाजवाले नाना

"वरची फणी नको दाखवू भो. खालची दाखव."

नाना दुकानात आले की राम राम झाल्यावर हे पहिलं वाक्य. तुम्हाला वाटेल माझं केळीचं दुकान असेल. नाही हो. माझं जुन्या सामानाचं दुकान आहे, जळगावात. खुर्च्या, पंखे, पलंग, बंद पडलेली घड्याळं. भुसावळला रेल्वेचे साहेब लोक रिटायर होऊन गेले की त्यांच्या बंगल्यातलं सामान मी टेम्पोत घालून आणतो आणि इथं मांडून बसतो. विकलं जातं ते देवाची कृपा, उरतं त्याच्यावर मी झोपतो.

केळीत जन्म गेला तो नानांचा. ते सावद्याचे. बागेत जाऊन माल बघायचा आणि घ्यायचा की सोडायचा ते ठरवायचं, हेच काम आयुष्यभर. ते सांगायचे, घडाच्या वरच्या फण्या सगळ्यांच्याच भरलेल्या असतात, शेतकरी त्याच पुढे करतो. आपण वाकून शेवटची फणी बघायची. ती भरली असेल तर घड घ्या, नाहीतर चहा पिऊन घरी जा. पुढे त्यांनी जावईसुद्धा असाच बघितला म्हणे. पोरगा सोडून त्याच्या धाकट्या भावाशीच तासभर बोलत बसले.

पहिल्यांदा आले ते खुर्ची बघायला. माझ्या पाण्याच्या माठावर त्यांची नजर गेली आणि खुर्ची राहिली बाजूला.

"काहून रे, माठाले दुसरं झाकण नाही भेटलं?"

माठावर रेकॉर्ड होती, ती गाण्याची काळी थाळी. झाकण म्हणून एक नंबर, फक्त मधल्या भोकातून मुंगी जाते. नानांनी ती कडेकडेनं उचलली, तव्यावरची गरम भाकर उचलतात तशी. रुमालानं पुसली, उजेडात तिरपी धरली आणि विचारलं, "तुह्याकडे जाज आहे का?"

मला ऐकू आलं जहाज. आता जुन्या सामानवाल्याला कोणी काय मागेल याचा नेम नसतो. मी म्हणलं, "आत्ता नाही नाना, पण बघून ठेवतो."

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, ते पण शाळेच्या भिंतीपर्यंत. आत फार वेळ थांबलो नाही. हे सुद्धा मी बोलतोय आणि माझी मुलगी लिहून घेतेय. तर इंग्रजी वाचायचा प्रश्नच नव्हता. मी कव्हरावरची चित्रं बघून रेकॉर्डी वेगळ्या काढायला लागलो. जिच्यावर जहाज ती नानांची. होडी असली तरी चालेल. एकीवर तळं होतं आणि तळ्याच्या कोपऱ्यात एक बदक, ती पण ठेवली, म्हणलं असू दे, पाण्यातलंच आहे.

सहा महिन्यांनी नानांसमोर ही चळत ठेवली. त्यांनी एकेक बघितली. एक लहान पोरांच्या इंग्रजी कवितांची निघाली, एक चर्चमधल्या भजनांची. नानांनी विचारलं, "हे सगळं काहून काढून ठेवलं?" मी म्हणलं, "तुम्हीच तर जहाज म्हणाले होते." नाना इतके हसले की खाली स्टुलावर बसले आणि स्टूल मोडलं. तेच स्टूल मी आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला "हत्ती बसवा" म्हणून दाखवलं होतं.

चळतीतलं एक जहाज मात्र खरंच जाज निघालं. मी आठ दिवस छाती काढून फिरलो.

जाज म्हणजे काय ते नानांनीच सांगितलं. तरुणपणी ते केळीच्या रेल्वे डब्यांबरोबर दिल्लीला जायचे. एकदा दुपारी एका मोठ्या हॉटेलात माल पोचवायला मागच्या दारानं गेले. आत बाजावाले सराव करत होते. एक जण सॅक्सोफोन वाजवत होता. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये असतो तोच, पण नाना म्हणाले, "आपला बँडवाला गाणं वाजवते. तो मानूस गाणं सोडून बांधावरनं फिरून आला आणि बरोबर आपल्याच वावरात उतरला." हॉटेलच्या आचाऱ्याला त्यांनी विचारलं हे काय, तो म्हणाला जाज. एवढ्यावर नानांनी पुढची सगळी वर्षं काढली.

नंतर नानांना त्यांच्या मुलीनं फोन दिला. मग काय, रोज सकाळी फोनवर नवीन काहीतरी ऐकायचं, आवडलं तर कव्हराचं चित्र मला दाखवायचं, "असं आलं तर ठेव." मी विचारलं, "नाना, फोनवर फुकट वाजतं तर ही ताटं कशाला घेता?"

"फोन चाखायले बरा. पन तो घड तोडून फन्या मिसळते. या झाडाची एक, त्या झाडाची एक. मले एका झाडाचा घड पाहिजे, वरून खालपर्यंत."

रेकॉर्ड घ्यायची त्यांची रीत ठरलेली. ऐकायचं ते माझ्या दुकानातल्या मशीनवर, उभं राहून. बसलं की कसलाही माल गोड लागतो म्हणायचे. कव्हर उलटं ठेवायचं. आणि आधी लावायचं दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. बनवणारा भारी माल पुढे लावतो आणि उरलंसुरलं तिथं दडपतो. ते शेवटचं गाणं उभं राहिलं तर रेकॉर्ड घ्यायची. माझी बायको धुळ्याकडची. ती आतून बघायची आणि मला म्हणायची, "हाऊ बाबा रोज उभा राहीसन काय ऐकस? आन तू बठ्ठं भंगार घरमा भरी ठेवस!"

एकदा मी त्यांना फसवलं. चरा पडलेली रेकॉर्ड "एकदम कोरी" म्हणून दिली. त्या दिवशी त्यांना गाडी गाठायची होती, ऐकून घेतली नाही. दुसऱ्या दिवशी आले, रेकॉर्ड टेबलावर ठेवली, म्हणाले, "खालची सडकी निघाली." बस. ना शिवी, ना तोंड वाकडं. वर मला विचारलं, "तू जेवला का?" शिवी दिली असती तर मी विसरलो असतो.

मग एक दिवस नाना घरचीच रेकॉर्ड घेऊन आले. "तुह्या मशीनवर लाव बरं. मायं मशीन बिघडलं. झांज वाजत नाही त्याच्यात."

मी लावली. नाना कान देऊन उभे. "तुह्यंबी बिघडलं," म्हणाले.

मी मशीन खोललं. सुई बदलली, तारा हलवल्या, सगळं परत बसवलं तर तीन स्क्रू उरले. अजून खिशात आहेत, कुठले ते कळलं नाही. परत लावली. झांज वाजत होती. छुन छुन, छुन छुन, चांगली खणखणीत. आधीपण वाजतच होती, पण मी मिस्तरी ना, मी ऐकतोय कशाला!

"नाना," मी म्हणलं, "झांज वाजते आहे."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मग दुसरा कान लावला. मग म्हणाले, "बरं."

डॉक्टरनं सांगितलं, उजवा कान गेलाच आहे, डावा हळूहळू जाईल, बारीक आवाज आधी जातील. कानात यंत्र घालून फार फरक पडणार नाही. मला वाटलं आता नाना यायचे नाहीत. ते चौथ्या दिवशी हजर.

"एक रेकॉर्ड पाहिजे," म्हणाले. "पाठ करायची आहे. कान बंद व्हायच्या आत पुरी डोक्यात भरून ठेवतो. मंग मशीनची गरज नाही, लाइटची गरज नाही."

"एकच?"

"डोकं मायं जुनं आहे भो. दोन ठेवल्या तर मिसळतीन."

नशीब बघा, त्याच महिन्यात भुसावळच्या एका बंगल्यातून दोन पेट्या भरून रेकॉर्डी आल्या. साहेब वारले होते, मुलं परदेशात. नानांनी महिनाभर माझ्या दुकानात दुपारी घालवल्या. डावा कान स्पीकरला, मी समोर. वरचे आवाज त्यांना येत नव्हते म्हणून तेवढं काम माझ्याकडे. "झांज कशी आहे?" "गोड आहे नाना." "टोचत नाही?" "नाही." मी, ज्यानं झांजेसाठी मशीन खोललं होतं, तो आता झांजेचा परीक्षक.

एकीत वीसजण एकदम वाजवत होते. नाना म्हणाले, "हा तर बाजार भरला. एवढी गर्दी मावायची नाही." एकीत बाई गात होती, फार सुंदर. ती त्यांनी दोनदा ऐकली आणि बाजूला ठेवली. "तिचे शब्द मले कळत नाहीत. पाठ करताना मी चुकीचे टाकीन, तिच्यावर अन्याय होईल."

असं करत करत दोन उरल्या. एक सॅक्सोफोनची. ती लागल्या लागल्या नाना बसले. उभं राहून ऐकणारा माणूस खाली बसला, मोडक्या स्टुलाशेजारी, जमिनीवर! म्हणाले, "हॉटेलच्या मागचा तोच. तोच असेल नाहीतर त्याचा भाऊ असेल." डोळ्यांत पाणी. मी मनात म्हणलं, झालं काम.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं लावलं. नाना मान डोलवत होते. आणि मला वरच्या पट्टीत ऐकू येत होतं, चर्र, चर्र, भजी तळल्यासारखं, आणि भजी करपल्यासारखं. गाणं संपेपर्यंत. साहेबानं ती वाजवून वाजवून झिजवली होती. नानांना त्यातलं काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं.

आता तुम्हीच सांगा. गिऱ्हाईक खूश, माल गिऱ्हाइकाच्या हातात, आणि खोट त्याला या जन्मात कळणार नाही. माझ्या धंद्यात यालाच सण म्हणतात. तोंडात "एकदम कोरी" येऊन बसलं होतं. आजपर्यंत ते किती वेळा बाहेर पडलंय, मला अडवणारं कोणी नव्हतं.

"नाना, घेऊ नका," मी म्हणलं. "शेवटचं गाणं तळलंय."

"पूर्न?"

"पूर्ण."

त्यांनी कव्हर हातात घेतलं. मी म्हणलं, "तुम्हाला तर ऐकू येत नाही ना ते. घेतली तरी..."

"मले नाही येत," नाना म्हणाले. "पन आता तुले येते हे मले माहीत झालं. ते मी पाठ करीन." आणि उठून उभे राहिले. "दुसरी लाव."

दुसरीला कव्हरच नव्हतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. चारजण वाजवणारे. पियानो, ती मोठी उभी सारंगी, ढोल-झांज आणि एक तुतारीवाला, तो पण कमी बोलणारा. शेवटचं गाणं स्वच्छ. मी तीनदा ऐकून सांगितलं, स्वच्छ. नाना म्हणाले, "चार मानसं. ओसरीवर बसवता येतीन." तीच घेतली. नाव काय, त्यांनी वाचलं नाही आणि मला वाचता येत नाही.

पुढचं वर्षभर सावद्यात तेवढं एकच वाजत होतं. अक्कांचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, मला फोन आला, "काय देलं रे यायले? सकाळी तेच, दुपारी तेच. आता तर म्हशीलेबी पाठ झालं असीन." मी म्हणलं, "अक्का, म्हैस दूध देते ना?" "देते." "मग वाजू द्या."

मग डावा कान पण गेला. नाना-अक्का धुळ्याला मुलीकडे राहायला गेले. लोक नानांना पाटीवर लिहून दाखवायचे. आमची तर मजाच झाली. त्यांना ऐकू येत नाही आणि मला लिहिता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात ते एसटीनं एकटेच आले. काखेत तीच वर्तमानपत्राची गुंडाळी. चहा घेतला. मग रेकॉर्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "मायी परीक्षा घे. तू तिकडं ऐक, मी इकडं वाजवतो."

त्यांनी सुई टेकताना बघितली आणि मशीनकडे पाठ करून बसले. गुडघ्यावर बोटं चालू. पियानो आला तेव्हा पाच बोटं, सारंगी आली तेव्हा दोन. तुतारीवाल्याच्या वेळी मान वर जायची. मी इकडे ऐकतोय, तिकडे बघतोय. सगळं बरोबर.

पण मधेच मला दिसलं, नाना जरा पुढे गेलेत. त्यांचा ढोल वाजून गेला, मग मशीनमधला वाजला. फरक वाढतच चालला. चुकत होते. वर्षभर घोकून चुकत होते, आणि शेवटी मला विचारणार, कसं झालं. या माणसाला मी एकदा खोटं सांगितलं होतं आणि एकदा खरं, आणि आता मला दोन्ही नको होतं.

तेवढ्यात नानांनी हात वर केला आणि पंजा हवेत उलटा केला. बाजू बदल.

गाणं तर अजून चालू होतं. मी मशीनकडे वाकून बघितलं. थाळीखालचा रबरी पट्टा उन्हानं सैल पडला होता. थाळी दमून दमून फिरत होती. किती दिवसांपासून कोण जाणे, मी रोज तसंच ऐकत होतो आणि मला कळलं नव्हतं. मागं मशीन पडलं होतं. नाना बरोबर वेळेवर होते.

"झोपला का भो?" नाना पाठमोरेच म्हणाले. पंजा तसाच वर.

गाणं अजून थोडं बाकी होतं. मी सुई उचलली आणि बाजू बदलली.