डंपरच्या आवाजाची जीप

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या त्या माणसाला अख्खा रस्ता फ्यूज म्हणायचा, आणि हे नाव काही उगीच पडलेलं नव्हतं. दुसरा कोणी एक फ्यूज टाकून मोकळा होईल तिथे हा दोन टाकणार, वरून टेप गुंडाळणार, आणि गिऱ्हाईक निघालं की मागून ओरडणार, "धूर-बिर दिसला तर लगेच थांबा हो!" धूर कधी कुणाला दिसला नाही. तरी घरी जेवताना ह्याचा घास अडायचा, की कुठेतरी एखादी वायर पत्र्याला घासत असेल. अंथरुणात पडल्यावर गॅस बंद केलाय का ते बघायला उठायचा, बघून यायचा आणि पुन्हा उठायचा. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही झोपलात तरी तुमची भीती जागीच असते."

आणि अशा माणसाची एकुलती एक मुलगी काय करायची, तर खाणीवर जीप चालवायची! उंच चाकांची, चारही चाकांना ताकद असलेली, चिखल-दगड काही न जुमानणारी जीप. सकाळी कामगारांना वर सोडायचं, दुपारी सुटे भाग आणि पाण्याचे कॅन पोचवायचे. पोरगी गाडीवर बसली की राणी. बाप मात्र ती निघाल्यापासून परत येईपर्यंत अर्धमेला.

खाणीचा रस्ता होताही तसाच. डोंगर कापून काढलेला, एका डंपरपुरता. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी. मध्यावर एक आंधळं वळण, आणि त्या वळणाच्या पोटात कडा कोरून केलेला कोनाडा, जेमतेम एक गाडी आत शिरून उभी राहील एवढा. वरून येणाऱ्याला गाडीचं नाक आत घातल्याशिवाय कोनाड्यात कोण आहे ते दिसायचं नाही. म्हणून चालकांनी आपसात एक रीत ठरवली होती. वळणाआधी दोघांनीही हॉर्न द्यायचा आणि कान टवकारायचे. खालून बारीक आवाज आला तर ती लहान गाडी. ती कोनाड्यात शिरणार आणि वरचा डंपर सरळ खाली निघून जाणार. खालून जाड आवाज आला तर तो रिकामा डंपर. मग वरच्याने कोनाड्यात शिरायचं आणि त्याला वाट द्यायची. बस, एवढंच. ह्या एवढ्याशा गोष्टीच्या भरवशावर माणसं रोज चढत होती, उतरत होती.

फ्यूजला ह्यातलं काहीएक ठाऊक नव्हतं. तो त्या रस्त्याला जन्मात गेला नव्हता. पोरगी जेवताना वळणाचं सांगायला लागली की हा म्हणायचा, "नको, नको, मला नको सांगूस," आणि पाणी प्यायला उठायचा.

पण एक गोष्ट त्याच्या कानावर पडलीच. एका डंपरवाल्याने काचा लावून गाणी लावली होती. जीपचा कंपनीचा हॉर्न त्याला ऐकूच आला नाही, आणि डंपर जीपचा आरसा उडवून गेला. पोरीने हे हसत हसत सांगितलं. बाप तसाच उठला आणि जीपचा हॉर्न दाबून बघायला गेला.

कंपनीचा हॉर्न खरंच मरतुकडा होता. जाळीमागे बसवलेली एक चपटी डबी, दाबली की 'पीं'. फ्यूज म्हणाला, "हा काय हॉर्न आहे? मांजर बरं ओरडतं ह्यापेक्षा!" बाजार पालथा घालून त्याने जाड आवाजाची जोडी आणली. डंपरचीच चढवायची होती, पण ती चोवीस व्होल्टची. म्हणून जीपच्या बॅटरीवर चालेल अशी, तसाच आवाज काढणारी शोधली. बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, बटणावर ताण नको म्हणून मध्ये रिले टाकला, फ्यूज अर्थातच दोन. आत चिखल-पाणी साचू नये म्हणून हॉर्नची तोंडं खाली करून वर उंच बसवली. एक संपूर्ण सुट्टी त्यात गेली. पोरगी शेजारी उभी राहून पाने देत होती, आणि बापाचा जीव शांत होतोय म्हणून गप्प बसली होती.

मग तिने हॉर्न दाबला. खिडक्यांची तावदानं थरथरली. बायको पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आली. "अगं बाई! मला वाटलं डंपरच आला दारात!"

तिघंही पोट धरून हसली. फ्यूज सगळ्यात जास्त हसला. त्या दिवशी तो गॅस बघायला एकदाच उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक डंपरवाला दुकानात आला. अंगाने आडदांड, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. सकाळची पाळी संपवून तो आपल्या मोटरसायकलचा दिवा दाखवायला आला होता.

"फ्यूजभाऊ, आज माझा चांगलाच मामा झाला," तो स्टुलावर बसत म्हणाला. "भरलेली गाडी घेऊन उतरत होतो. वळणाखाली हॉर्न वाजला, हा एवढा जाड! म्हटलं, आला रिकामा डंपर. कोनाड्यात शिरलो आणि बसलो वाट बघत. आणि समोरून डुलत डुलत कोण आलं, तर तुमची पोरगी! वर मला हात करून गेली. तिला वाटलं असेल, पैलवानाला आज सभ्यपणा सुचला!"

फ्यूजही हसला. हसता हसता म्हणाला, "मग? एरवी कोनाड्यात तू जात नाहीस?"

"मी कशाला जाऊ? लहान गाडी आली की तीच शिरते आत. ती आज जरा लांब होती, म्हणून मी आधी पोचलो."

फ्यूजच्या हातातली सोल्डरिंगची कांडी तशीच राहिली.

"आणि ती आधी पोचली असती तर?"

पैलवानाचं हसू जागच्या जागी विझलं. दोघांनाही तेच दिसत होतं. पोरगी हॉर्न देणार आणि सवयीने कोनाड्यात जाऊन थांबणार. वरचा तो आवाज ऐकणार, डंपर समजणार आणि भरलेली गाडी त्याच कोनाड्यात घालणार.

दुपारच्या फेरीला ती नुकतीच गेली होती. फ्यूजने फोन लावला. लागला नाही, डोंगर सुरू झाला की फोन लागतच नसे. कंपनीचा जुना हॉर्न बाकावर पडला होता, तो उचलून त्याने स्कूटरच्या डिकीत टाकला, सोबत दोन पाने टाकले आणि निघाला. दुकान सताड उघडं! पैलवान मागून ओरडला, "मी येतो!" पण त्याची मोटरसायकल अर्धी खोललेली होती.

ह्या माणसाच्या स्कूटरला सायकलवाले मागे टाकायचे. आज त्याने मूठ शेवटपर्यंत पिळली होती. चढ लागला, उजव्या हाताला जमीन संपली, आणि त्याला खाली फक्त हवा दिसली. हात घामाने निसरडे झाले. त्याला परत फिरावंसं वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याची त्याला इतकी लाज वाटली की तो स्वतःलाच शिव्या घालत पुढे गेला. "मीच केलं. माझ्या हातांनी केलं," एवढंच तो पुटपुटत होता.

तेवढ्यात वर कुठेतरी त्याचा हॉर्न वाजला. भरदार, खणखणीत, अगदी त्याला हवा होता तसा. आणि लगेच त्याच्याही वरून, तसाच जाड आवाज, उत्तराला.

तो कोनाड्यापाशी पोचला तेव्हा जीप आत उभी होती. पोरगी मान मागे टाकून बाटलीतून पाणी पीत होती. "बाहेर नीघ!" तो ओरडला, पण उतरणाऱ्या डंपरच्या आवाजात ते त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. आता थांबायला वेळ नव्हता. ज्या माणसाने आयुष्यात गल्लीचं वळणसुद्धा हॉर्नशिवाय घेतलं नव्हतं, तो ते आंधळं वळण हॉर्न न देताच वळला.

समोर डंपर होता. त्याचं नाक कोनाड्याकडे वळायला लागलेलं होतं. फ्यूजने ब्रेक मारला, स्कूटर आडवी झाली, हा धडपडला, उठला आणि दोन्ही हात पसरून चाकांपुढे उभा राहिला. डोळे मात्र गच्च मिटून घेतले. ते उघडे ठेवणं काही त्याला जमलं नाही.

हवेचा ब्रेक फुसकारला. खडी करकरली. मग सगळं थांबलं.

"मरायचंय का, काका?" वरून चालक खेकसला.

फ्यूजने फक्त मागे बोट दाखवलं. चालक उतरला, चार पावलं चालून कोनाड्यात डोकावला आणि तिथेच मटकन खाली बसला. "मी इथेच शिरत होतो," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "इथेच शिरत होतो."

पोरगी धावत आली. "बाबा? तुम्ही? ह्या रस्त्यावर?"

"तुझ्या हॉर्नचा..." एवढं म्हणून त्याला रडू फुटलं.

तिला एवढ्यावर सगळं कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने आधी डंपरकडे पाहिलं, मग जीपकडे, आणि ती कड्याला टेकली.

जुना हॉर्न तिथेच बसवायचा ठरला. फ्यूजचा पाना नटावरून सारखा घसरत होता. शेवटी तिनेच त्याच्या हातातून पाना घेतला.

"बाबा, तुम्हाला बरं वाटेल म्हणून मी गप्प बसले," ती नट आवळत म्हणाली. "माझ्याही डोक्यात आलं नाही. पण एकदा तरी विचारायचं होतंत, तिथे आवाज कसला लागतो ते."

"तू सांगायचीस. मलाच ऐकवत नव्हतं."

तिने हॉर्न दाबून पाहिला. पीं. चालक कपडे झटकत उठला. "काका, ह्यापुढे मी काच खाली ठेवीन. बाकीच्यांनाही सांगतो." मग आडवी पडलेली स्कूटर जीपशेजारी आत ढकलून तो डंपर घेऊन कोनाड्यावरून सरळ खाली निघून गेला.

वर सुट्या भागांसाठी माणसं खोळंबली होती. नको जाऊस, हे फ्यूजच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं आणि म्हणाला, "सावकाश जा, बाळा."

जीप वर गेली. पहिल्या वळणावर त्याला पीं ऐकू आलं. पुढच्या वळणावर अगदी बारीक, असेल-नसेल असं. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. तरी तो दरीकडे पाठ करून, हातात ती जाड आवाजाची जोडी धरून तिथेच उभा राहिला.