भिंतीवर उरलेली एक ओळ

पोलीस ठाण्यात चौकशा पुष्कळ पाहिल्या, पण अमेरिकेत फ्रीमाँटमधली ती चौकशी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. साल २००४. महिला पोलीस शिपाई म्हणून निवृत्त होऊन मी मुलीकडे गेले होते.

एका सकाळी शेजारचा चिनी इंजिनिअर दारात आला. त्याचं ऐकून मुलगी म्हणाली, "आई, त्यांच्या हॉलमधलं जुनं लेखन चोरीला गेलंय. मावशींवर डाऊट आहे. पोलिसांना कॉल करतोय."

मावशी नागपूरच्या. टूरिस्ट व्हिसावर कामाला मनाई, तरी याचं मूल सांभाळायच्या. पोलीस आले असते तर त्यांची मायदेशी रवानगीच झाली असती.

"तासभर थांब म्हणावं त्याला," मी म्हटलं.

आधी जागा पाहिली. भिंतीवर माणसाएवढी लांब कागदाची पट्टी, तिच्यावर कुंचल्यानं वरून खाली लिहिलेली अक्षरं. इंजिनिअर म्हणाला, या पट्ट्या जोडीनंच टांगतात. उजवीकडची ओळ बोलते, डावीकडची तिला जोड देते. डावी नव्हती.

मावशींना स्वयंपाकघरात घेतलं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे."

"काल पिशवीतून काय नेलंत?"

"डबा हो! ताई, तुम्हीपण?"

हात थरथरत होते, नजर खाली. ठाण्यात असते तर मीही हिच्यावरच बोट ठेवलं असतं.

पण चोर जोडी फोडेल कशाला? एकट्या ओळीला कोण विचारणार? शिवाय खिळा उपटून भोक लांबी-पुट्टी भरून नीट बुजवलेलं. चोराला भिंतीची इतकी माया नसते.

इंजिनिअरचे वडील कोपऱ्यात शांतपणे चहा पीत होते. सगळे मावशींकडे बघत होते, ते कपात.

मी मुलीकरवी विचारलं, "घरातल्या आजी कुठे आहेत?"

"आई काल मिनेसोटाला गेली, तिच्या बहिणीकडे. महिनाभरासाठी," इंजिनिअर म्हणाला.

"डावी ओळ कुणी लिहिलेली?"

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. मग चिनी भाषेत हळूहळू बोलला. मुलाचा चेहरा उतरला. लग्नाच्या वर्षी म्हातारा-म्हातारीनं एकेक ओळ लिहिली होती. आजी भांडून कायमच्या गेल्या होत्या, आपली ओळ घेऊन. भिंतीतलं भोक म्हाताऱ्यानंच बुजवलं होतं. ते मुलाला सांगायची लाज वाटली, म्हणून चोरी झाली असं म्हाताऱ्यानं वाटू दिलं.

"म्हणजे यांच्या भांडणात माझी वरात निघाली असती की!" मावशी म्हणाल्या.

मुलानं माफी मागितली. मावशी चपला घालत म्हणाल्या, "त्याला सांगा, पोराची खिचडी गॅसवर आहे, करपेल." मावशी पुन्हा त्या घरात गेल्या नाहीत.

थरथरणारं माणूस काहीतरी लपवत असतं, पण ते चोरीच असेल असं नाही. मावशी फक्त भीती लपवत होत्या. ज्याच्या गप्प बसण्यानं त्या देशाबाहेर गेल्या असत्या, त्याचा हात जरासुद्धा हलला नव्हता.