चिठ्ठीशिवाय

गणिताच्या पेपरला माझा श्वास कोंडला म्हणून मी खिशात हात घातला. बाईंना वाटलं, कॉपी. त्यांनी माझी मूठ उघडली. फडक्याची पुरचुंडी निघाली. ती सगळ्या वर्गासमोर सोडली. खडेमीठ, मोहऱ्या, दोन सुक्या मिरच्या.

"हे काय? फोडणी देणारेस?"

वर्ग हसला. मी खरं तेच सांगितलं. श्वास अडकतो म्हणून आईने दिलंय.

"तुमच्यात टेन्शन नसतं, नाही का? डायरेक्ट भूतच लागतं."

तोवर पेपर अर्धाच झाला होता. मी उरलेला कोराच दिला.

मी आठवीत. नायगावच्या टॉवरमधल्या पोरांच्या शाळेत, गरिबांसाठी राखीव पंचवीस टक्के जागांतली. माझा बाबा मिठागरावर कामाला होता. होळीच्या आदल्या आठवड्यात गेला. तेव्हापासून छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. आईला सांगितलं, तर तिने मीठ उतरवलं. "कुनाची तरी नजर लागलीय गो. पानी पी," म्हणाली. तिच्याकडे तेवढंच होतं, ते तिने दिलं. तिला मी हसू देणार नाही कुणाला.

अनन्या माझ्याच बाकावर बसायची. तिलाही पेपरच्या आधी असंच व्हायचं. हात थरथरायचे, डोळ्यांत पाणी. बाई लगेच चिठ्ठी लिहायच्या. चिठ्ठी घेऊन ती समुपदेशक मॅडमच्या खोलीत जायची. दर गुरुवारी. निळी खुर्ची, पंखा, पाण्याचा ग्लास. परत यायची तेव्हा चेहरा धुतलेला असायचा. बाई हळूच विचारायच्या, "बरं वाटतंय ना, बेटा?"

मी जळायचे. तिच्या डब्यावर नाही, बुटांवर नाही. तिच्या आजारावर. तिच्या आजाराला नाव होतं, खोली होती, वार होता. माझ्या आजाराला नुसतं हसू. एकदा मनात आलं, हिला परत कधी बरं वाटूच नये. लाज वाटली, पण आलं. लपवत नाही. अनन्या वाईट नव्हती. म्हणून तर जास्त राग यायचा.

त्या पेपरनंतर चिठ्ठी मागितली. बाई म्हणाल्या, "तुला कशाला? घरी आहे ना तुमचा भगत, भूत उतरवायला."

गुरुवारी मधल्या सुट्टीत मी सरळ त्या खोलीत गेले. मॅडमनी हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"नाहीये."

"मग बाईंकडून घेऊन ये."

"त्या देत नाहीत. मी जाणार नाही."

आणि निळ्या खुर्चीत बसले. बाई शोधत दारात आल्या. "ऊठ. कोणाला विचारून बसलीस?"

"कुणालाच नाही. माझा बाबा मेलाय. मला श्वास घेता येत नाही. मी उठणार नाही."

आवाज फाटला माझा. पण बोलले. मॅडमनी घड्याळ बघितलं, मग वही उघडली आणि मला नाव विचारलं. मी सांगितलं. बाबाचंही सांगितलं.

छाती अजून भरते. अनन्याचा हेवाही गेलेला नाही. तिला त्या खुर्चीसाठी कधी भांडावं लागलं नाही, मला लागलं. हे मी विसरणार नाही. सहावीत आमच्यातल्या, पंचवीस टक्क्यांतल्याच, दोघी आहेत. एक वर्गात बोलतच नाही, दुसरी नखं रक्त येईस्तोवर खाते. येत्या गुरुवारी त्यांना त्या खोलीत घेऊन जाणार आहे. मॅडमनी दोघींची नावं वहीत लिहून घेतल्याशिवाय मी दारातून हलणार नाही.