जाळीसमोरची कपाटं

आमच्या कॉलेजची नवी इमारत हरित आहे, तशी पाटीच लावलीय दारावर. वाचनालयाची पश्चिमेकडची अख्खी भिंत विटांच्या जाळीची आहे. वारा आत खेळावा, पंखेसुद्धा लागू नयेत म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी तिथे उभं राहिलं की पदर सावरावा लागत होता.

मग जुन्या इमारतीतून डेडस्टॉक आला. बिजागऱ्या तुटलेली लोखंडी कपाटं. निकामी आहेत, पण निर्लेखन झालेलं नाही, म्हणजे नोंदवहीतून नाव कमी झालेलं नाही, म्हणून टाकता येत नाहीत. मग ठेवली कुठे? जाळीला लावून, ओळीने. "भिंत रिकामीच होती ना, मॅडम," ग्रंथपाल म्हणाले.

रिकामी! वारा डोळ्यांना दिसत नाही, हाच त्याचा गुन्हा. आपल्याला मोकळं काही बघवतच नाही. अंगण असो की रविवार, काहीतरी आणून टेकवल्याशिवाय चैन पडत नाही. आता उकडतं म्हणून एसी मागवलाय, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून जाळीवर प्लास्टिक ठोकणार आहेत.

काल पाहिलं, तर दोन कपाटांच्या मध्ये दोन हात फट राहिली होती. तिच्यासमोरच्या एकाच बाकावर चार मुली दाटीवाटीने बसल्या होत्या, पुस्तकांची पानं तळहातांनी दाबून धरत. बाकीचं वाचनालय ओस. मी बघतच राहिले. तेवढ्यात ग्रंथपाल शेजारी येऊन थांबले. त्यांनीही ती फट पाहिली, नजरेनेच मापली.

"बरं झालं दिसलं," ते म्हणाले. "इथे अजून एक कपाट बसतंय."