शेवटच्या गाडीची फांदी

१२ डिसेंबर. दळण आणायला निघाले. ठाकुर्लीत अर्धा रस्ता खणलेला, एका वेळी एकच बाजू सुटायची. झेंडेवाला म्हातारा शेवटच्या गाडीला कडुलिंबाची फांदी द्यायचा. ती पलीकडे पोचली की तिथला माणूस आपली बाजू सोडायचा.

आज शेवटची मी. फांदी देऊन, माझ्या स्कूटरचं हँडल धरून तो म्हणाला, "ताई, पलीकडं माझा भाऊ हाय. त्याच्याच हातात द्या."

मान डोलावली आणि सवयीने मधूनच गिरणीच्या गल्लीत वळले.

परतताना गर्दी दिसली. फांदीची वाट पाहून वैतागलेल्या गाड्या घुसल्या होत्या. अडवणाऱ्या भावाच्या पायावरून टेम्पो गेला होता. फांदी पिशवीतच होती. मी गुपचूप घरी गेले.

१३ डिसेंबर. सकाळी जाऊन म्हाताऱ्याला फांदी दिली, सगळं सांगितलं. त्याने ती माझ्याच हातात परत दिली.

"आज तरी पलीकडं न्या."

नेली. भावाच्या जागी दुसराच उभा होता.